द्रव्य आणि त्याचे गुणधर्म : मुलं आणि पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

सातवी ते नववीच्या वर्गांना मी विज्ञान शिकवते. द्रव्याचा धडा सुरू झाला की दरवर्षी तेच प्रश्न येतात, आणि संध्याकाळी त्यातले निम्मे पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुन्हा येतात. म्हणून एकदाच लिहून काढले. मुलं जिथे अडतात तिथे मी जास्त थांबले आहे, बाकीचं दोन ओळींत उरकलं आहे. घरी करून बघण्यासारखं जे आहे ते करून बघा.

द्रव्य, पदार्थ आणि वस्तू यांत फरक काय?

ज्याला वस्तुमान आहे आणि जे जागा व्यापतं ते द्रव्य. चमचा ही वस्तू, तो ज्याचा केला ते स्टील हा पदार्थ, आणि चमचा, स्टील, तुम्ही, मी, ढग हे सगळंच द्रव्य. घोटाळा घरातल्या भाषेमुळे होतो. आई "आज नवीन पदार्थ केलाय" म्हणते तेव्हा ताटात थालीपीठ येतं, आणि रसायनशास्त्राच्या हिशेबाने त्या एका थालीपिठात डझनभर पदार्थ निघतील. एकाने उत्तरपत्रिकेत 'पदार्थाची दोन उदाहरणे' म्हणून शिरा आणि पोहे लिहिले होते. चूक म्हणता येईना, बरोबरही म्हणवेना. अर्धा गुण दिला.

हवेला वस्तुमान असतं हे मुलाला पटतच नाही. कसं पटवायचं?

आधी आकडा सांगा. दहा बाय दहाची खोली, छतही दहा फुटांवर. म्हणजे हजार घनफूट, साधारण २८ घनमीटर. एक घनमीटर हवेचं वस्तुमान सुमारे १.२ किलो. गुणाकार मुलालाच करू द्या : ३४ किलोच्या आसपास येतो. रिकाम्या खोलीत सिमेंटच्या गोणीच्या दोन तृतीयांश एवढी हवा भरलेली असते, हे ऐकून वर्ग गप्प होतो.

मग प्रयोग. काठीच्या दोन टोकांना दोन फुगे बांधून एक फोडायचा, हा प्रयोग सगळीकडे दाखवतात. मला तो आवडत नाही. फुग्यातली हवा बाहेरच्या हवेपेक्षा किंचितच दाबलेली असते आणि फुगा स्वतः हवेतच 'बुडालेला' असतो. विहिरीत घागर पाण्याखाली असेपर्यंत हलकी लागते आणि पाण्याच्या वर आली की हात ओढते, तसंच इथे आहे. आतल्या हवेचा भार बाहेरची हवा जवळजवळ पूर्ण उचलून धरते, काठी जेमतेम झुकते, आणि मुलं सरांचं मन राखायला "हो, झुकली" म्हणतात.

त्यापेक्षा फुटबॉल घ्या. आकाराने गोल पण दाबला तर मऊ लागेल इतपतच हवा ठेवा. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर मोजा. मग पंपाने टणक होईपर्यंत हवा भरा आणि पुन्हा मोजा. चेंडूचं आकारमान जवळपास तेवढंच, पण काटा चार-पाच ग्रॅम वर सरकतो. चेंडू गडगडू नये म्हणून खाली बांगडी ठेवा, आणि ती दोन्ही वेळा ठेवा.

उजेड, उष्णता, सावली हे द्रव्य का नाही?

यांना वस्तुमानही नाही आणि यांनी जागाही अडत नाही. ज्योत मात्र फसवी आहे. निरांजनाच्या ज्योतीत तापलेले वायू आणि काजळीचे कण असतात, ते द्रव्यच. वर वाटी धरा, काजळी हाताला लागेल. ज्योतीचा उजेड आणि धग मात्र द्रव्य नाही.

वजन आणि वस्तुमान एकच ना?

बाजारात एकच, परीक्षेत नाही. वस्तुमान म्हणजे वस्तूत द्रव्य किती आहे, वजन म्हणजे पृथ्वी तिला किती जोराने ओढते. दोन पारड्यांचा तराजू चंद्रावर नेला तरी किलोभर तांदूळ किलोच भरतील, कारण पलीकडचं मापही तितकंच हलकं होईल. ताणकाट्याला लटकवलेले तांदूळ मात्र तिथे एक षष्ठांशच दाखवतील. 'वजन किती?' असं वाण्याला बेलाशक विचारा. वहीत लिहिताना तेवढं जपा.

घनता मुलांना समजत नाही. "जड" आणि "घन" यात ती अडकतात.

गोडेतेलाची पिशवी मागवा आणि मागची बारीक अक्षरं वाचायला लावा. तिथे '१ लिटर' आणि शेजारी '९१० ग्रॅम' असं काहीसं छापलेलं असतं. एक लिटर पाणी भरतं १००० ग्रॅम, तेल भरतं ९१०. घनता म्हणजे हीच जोडी : तेवढ्याच जागेत किती द्रव्य बसलं. तेल पाण्यावर का तरंगतं, याचं उत्तर त्या पिशवीवरच छापलेलं असतं.

आता पैशाचा प्रश्न घाला, म्हणजे मागच्या बाकावरचेही पुढे झुकतात. दुकानात तेलाचे दोन डबे आहेत, एक १५ लिटरचा आणि एक १५ किलोचा. किंमत सारखी असेल तर कोणता घ्यायचा? १५ लिटरला ०.९१ ने गुणलं की १३.६५ किलो. म्हणजे लिटरच्या डब्यात १ किलो ३५० ग्रॅम तेल कमी. माझ्या माहितीत अशी मोठी माणसं आहेत की ज्यांनी वर्षानुवर्षं हे दोन डबे एकच समजून भाव केला. त्यात मीही होते.

दुधाचं उलट आहे. लिटरभर दूध साधारण १०३० ग्रॅम भरतं, पाण्याहून थोडं जास्त. पाणी मिसळलं की घनता उतरते आणि दुग्धमापी, म्हणजे दुधाची घनता तपासायची तरंगती नळी, खोल बुडतो. पण दुग्धमापी फसवता येतो. साय काढून घेतली की घनता वाढते, कारण स्निग्धांश पाण्याहून हलका असतो. मग तेवढं पाणी ओतलं की आकडा पुन्हा जागेवर. एका गुणधर्मावरून पदार्थ ओळखायला जाऊ नये, याचं याहून चांगलं उदाहरण मला अजून सापडलेलं नाही.

काही आकडे लक्षात राहिले तर बरं, ग्रॅम प्रति घनसेंटिमीटरमध्ये : बर्फ ०.९२, लोखंड ७.९, चांदी १०.५, पारा १३.६, सोनं १९.३. लोखंडाचा खिळा पाऱ्यावर तरंगेल का, हे विचारा आणि गंमत बघा.

बर्फ पाण्यावर तरंगतो यात विशेष काय?

बहुतेक पदार्थ गोठताना आक्रसतात आणि त्यांचा स्थायू त्यांच्याच द्रवात बुडतो. थिजलेलं तूप पातळ तुपात टाकलं तर तळाशी जातं. पाणी मात्र गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. एका उन्हाळ्यात मी कोकम सरबताची काचेची बाटली काठोकाठ भरून फ्रीजरमध्ये ठेवली आणि विसरले. सकाळी दार उघडलं तर बाटली तीन जागी तडकलेली आणि मध्ये बाटलीच्याच आकाराचा लालभडक बर्फ तसाच उभा. साफ करायला तासभर लागला, पण तो फोटो मी अजून वर्गात दाखवते.

अणू म्हणजे नेमकं काय? व्हिडिओत वेगळंच सांगतात.

व्हिडिओ हिंदीत बघितला असणार. हा प्रश्न आता दर आठवड्याला येतो.

मराठीत मूलद्रव्याचा सर्वांत लहान कण म्हणजे अणू, आणि अणू जोडले जाऊन होतो तो रेणू. हिंदीत पहिल्याला 'परमाणु' म्हणतात आणि दुसऱ्याला 'अणु'. म्हणजे मराठीतला अणू हा हिंदीतला अणु नव्हे, आणि हिंदीतला अणु म्हणजे आपला रेणू. म्हणून आपण 'अणुबॉम्ब' म्हणतो आणि हिंदी बातम्यांत 'परमाणु बम' असतो, बॉम्ब तोच. हिंदी व्हिडिओ पाहून आलेली मुलं 'पाण्याचा अणू' असं लिहितात आणि गुण जातो. पाण्याचा अणू नसतो. पाण्याच्या एका रेणूत हायड्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचा एक, असे तीन अणू असतात.

असेच आणखी सापळे आहेत. हिंदीतलं 'तत्व' म्हणजे आपलं मूलद्रव्य. मराठीत तत्त्व म्हणजे सिद्धांत. 'यौगिक' म्हणजे संयुग, 'विलयन' म्हणजे द्रावण, 'ठोस' म्हणजे स्थायू. वहीच्या पहिल्या पानावर दोन रकाने करून हे शब्द लिहून ठेवा, वर्षभर उपयोगी पडतात. सेमी इंग्रजीच्या मुलांनी तिसरा रकाना करावा.

द्रव्याच्या अवस्था तीनच का? पीठ भांड्याचा आकार घेतं, मग ते द्रव का नाही?

पिठाचा प्रश्न चांगला आहे. ढीग आकार बदलतो, कण बदलत नाही. रव्याचा एक दाणा चिमटीत धरून बघा, तो तसाच राहतो. शिवाय पीठ ताटात ओतलं की टेकडी होते, पाण्याची टेकडी होत नाही. स्पंज दाबला जातो तो त्याच्या छिद्रांतली हवा निघून जाते म्हणून, स्पंज स्थायूच.

अवस्था हा पदार्थाचा कायमचा स्वभाव नाही, तो त्या वेळच्या तापमानाचा आणि दाबाचा हिशेब आहे. खोबरेल तेल सुमारे २४ अंश सेल्सिअसला वितळतं. त्यामुळे मुंबईकराला ते बहुधा द्रवच माहीत असतं, आणि पुण्या-नाशिकची माणसं डिसेंबरात बाटली उन्हात ठेवून आंघोळीला थांबतात. दोघांना विचारा, 'खोबरेल तेल स्थायू की द्रव?' आणि दोघंही खरंच बोलतील. गॅलियम नावाचा धातू ३० अंशांच्या जरा अलीकडेच वितळतो. चंद्रपूरच्या मे महिन्यात तो कपाटातच द्रव झालेला सापडेल. स्वयंपाकाच्या सिलिंडरमधला गॅस दाबाखाली द्रव असतो, म्हणून सिलिंडर हलवला की आत डुचमळतं.

तीनशिवाय प्लाझ्मा ही चौथी अवस्था आहे; सूर्य तिचाच बनलेला आहे, आणि वीज चमकते तेव्हा हवेतही ती क्षणभर तयार होते. पाचवी बोस-आइनस्टाइन संघनित अवस्था. सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ साली मांडलेल्या गणितातून तिची कल्पना निघाली आणि १९९५ मध्ये ती प्रयोगशाळेत प्रत्यक्ष तयार झाली. शाळेत नाव माहीत असलं तरी पुरे.

कापूर वितळत नाही, थेट उडून जातो. बरोबर?

अर्धं बरोबर. डबीतला कापूर कमी कमी होत जातो ते संप्लवन : स्थायूचा सरळ वायू. डांबराच्या गोळ्यांचंही तसंच. पण नीट तापवला तर कापूर वितळतोही, साधारण १७५ अंशांना. आणि आरतीच्या तबकात पेटतो तेव्हा ते संप्लवन नुसतं सुरुवातीला, पुढे ज्वलन. तो रासायनिक बदल. 'कापूर उडाला' आणि 'कापूर जळाला' यांत फरक आहे.

खरी गंमत नवसागराची, म्हणजे अमोनियम क्लोराइडची. पुस्तकांत संप्लवनशील पदार्थांच्या यादीत नवसागर असतो. आमच्या आळीत कल्हईवाला यायचा तेव्हा आम्ही शाळेतून आल्या आल्या त्याच्यापुढे बसायचो. जमिनीत खड्डा, त्यात कोळसे, बाजूला भाता. पितळेचं पातेलं तापून आलं की तो त्यात नवसागराची पूड भुरभुरायचा. पांढरा धूर उठायचा, नाकात झिणझिण्या यायच्या. लगेच कथलाची कांडी एकदा टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने गरकन फिरवायची. काळपट पातेलं आतून चांदीसारखं व्हायचं. मग ते पाण्यात बुडवलं की चर्र.

त्या दोन मिनिटांत धड्यातलं बरंच काही घडून जातं. कथील २३२ अंशांना वितळून पसरलं, हा भौतिक बदल. नवसागर तापल्यावर मात्र नुसता वायू झाला नाही. त्याचे दोन वेगळे वायू झाले, अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड. दुसऱ्याने पितळेवरचा ऑक्साइडचा थर साफ केला, म्हणून कथील चिकटलं. उरलेले दोघं वर थंड हवेत भेटले की पुन्हा नवसागराचे बारीक कण होतात. तो पांढरा धूर दिसतो तो त्यांचाच. म्हणजे काटेकोर बोलायचं तर हे संप्लवन नव्हे, तुटणं आणि पुन्हा जुळणं आहे. परीक्षेत पुस्तकातलीच यादी लिहा. पण का, ते ठाऊक असू द्या.

पाणी उकळायला लागल्यावर गॅस मोठा केला तर तापमान का वाढत नाही?

कारण सगळी उष्णता रेणूंना द्रवातून सोडवण्यात खर्च होते. एक ग्रॅम पाणी शून्यापासून शंभर अंशांपर्यंत न्यायला १०० कॅलरी लागतात, आणि शंभर अंशांवरच्या त्याच ग्रॅमची वाफ करायला आणखी ५४० च्या आसपास. हीच अप्रकट उष्मा. उकळत्या पातेल्याखाली गॅस मोठा केलात तर वाफ जास्त होते, बटाटे लवकर शिजत नाहीत. आच मंद करा, तेवढ्याच वेळात शिजतील.

माठाचं पाणी याच हिशेबाने गार होतं : बाहेर झिरपलेलं पाणी उडताना लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून घेतं. नागपुरात कोरड्या हवेत माठ झकास काम करतो, रत्नागिरीच्या दमट हवेत तितका नाही. माठ खराब निघाला म्हणून कुंभाराशी भांडू नका.

पाणी नेहमी १०० अंशांनाच उकळतं का?

समुद्रसपाटीला. महाबळेश्वर साधारण १३५० मीटर उंचावर आहे, तिथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं आणि उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. कुकरमध्ये उलट : दाब वाढतो, पाणी १२० अंशांच्या आसपास जाऊन उकळतं. शिट्टीतून निघते ती खरी वाफ दिसत नाही. तोंडाशी बोटभर मोकळी जागा दिसते ना, ती वाफ. त्याच्यावरचा पांढरा लोट म्हणजे थंड होऊन झालेले पाण्याचे थेंब. हात कुठेही घालू नका, पण मोकळ्या जागेत तर अजिबातच नको.

पितळ, २२ कॅरेट सोनं, दूध : ही संयुगं की मिश्रणं?

तिन्ही मिश्रणं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, आणि त्यांचं प्रमाण कारागीर ठरवतो. संयुगात प्रमाण कुणाला ठरवता येत नाही. पाण्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजनचं वस्तुमान कुठल्याही नदीत १:८ च. दागिन्यावर ९१६ असा आकडा कोरलेला असतो तो हजारात ९१६ भाग सोनं म्हणून. बाकी तांबं, चांदी वगैरे.

दूध एकसारखं दिसतं म्हणून मुलं त्याला समांगी म्हणतात. अंधारात तीन पेले ठेवा : मिठाचं पाणी, पाण्यात चार थेंब दूध, गढूळ पाणी. मोबाइलचा टॉर्च बाजूने धरा. मिठाच्या पाण्यात उजेडाची वाट दिसत नाही, दुधात स्वच्छ पट्टा दिसतो. दूध हे कलिल आहे, म्हणजे त्यातले कण डोळ्यांना दिसत नाहीत पण उजेड विखुरण्याइतके मोठे असतात. तिसरा पेला तासभर तसाच ठेवा, गाळ बसतो, ते निलंबन.

भौतिक बदल उलटवता येतो, रासायनिक येत नाही. हा नियम पाठ करावा का?

करू नये. ज्वारी दळली की पिठाची पुन्हा ज्वारी होत नाही, तरी बदल भौतिकच. नवा पदार्थ झाला नाही. आणि वरणाचा डाग घ्या. पांढऱ्या शर्टावरच्या पिवळ्या डागाला साबण लावला की तो लालभडक होतो आणि घरात आरडाओरडा होतो. हळदीतला रंगद्रव्याचा रेणू अल्कधर्मी साबणाशी अभिक्रिया करून बदलला, म्हणजे रासायनिक बदल. आता त्यावर लिंबू पिळा. परत पिवळा. उलटला की नाही?

विचारायचा प्रश्न एकच : नवा पदार्थ तयार झाला का? बुडबुडे, रंग, उष्णता या खुणा आहेत, पुरावे नाहीत. पाणी उकळतानाही बुडबुडे येतात आणि खायच्या सोड्यावर लिंबू पिळल्यावरही. पहिल्यात पाण्याचंच पाणी राहिलं, दुसऱ्यात कार्बन डायऑक्साइड नव्याने आला.

लाकूड जळून मूठभर राख उरते. बाकीचं द्रव्य नष्ट झालं का?

हवेत गेलं, वायू होऊन. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये लव्हाझिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने बंद भांड्यांत अभिक्रिया घडवून आधी आणि नंतर काटेकोर मोजमाप केलं आणि वस्तुमान तेवढंच भरलं. उलट गंजलेला खिळा आधीपेक्षा जड असतो, कारण त्यात ऑक्सिजनची भर पडते. गंज पूर्ण झडू न देता मोजायला हवा, एवढंच.

थर्मामीटर फुटला. पाऱ्याचे गोळे मुलाला खेळायला देऊ का? आम्ही लहानपणी खेळायचो.

देऊ नका. आपण खेळलो ते आपल्याला माहीत नव्हतं म्हणून. पारा खोलीच्या तापमानालाही हळूहळू बाष्प होऊन हवेत मिसळतो आणि ते बाष्प विषारी असतं. केरसुणीने झाडू नका, गोळे आणखी फुटून फटींत शिरतात. खिडक्या उघडा, मुलांना बाहेर पाठवा, हातमोजे घालून दोन जाड कागदांनी गोळे एकत्र ढकला, झाकणाच्या बाटलीत भरून घट्ट बंद करा. मोरीत ओतू नका, कचऱ्यात टाकू नका. घातक कचरा कुठे द्यायचा ते नगरपालिकेत विचारा. अंगठी-बांगड्या आधी काढून ठेवा, पारा सोन्यात मुरतो आणि सोनं पांढरं पडतं.